चोळमंडळ किनाऱ्यावरचा आश्विन

निघण्याआधी डोक्यातला पावसाळा इथेच उतरवून ठेवा. मृगाला येणारा, श्रावणात ऊन-सावली खेळणारा आणि हस्तात गडगडून परतणारा पाऊस हे आपलं गणित आहे. तुम्ही जिथे उतरणार आहात तिथे जून-जुलैचा वारा सह्याद्रीवर सगळं पाणी ओतून, कोरडा होऊन पोहोचतो. तिथला खरा पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो आणि तोही समुद्रावरून, ईशान्येकडून. चेन्नईत वर्षाला साधारण १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या तीन महिन्यांत.

दर्याबद्दलच्या सवयीही ठेवून द्या. आपला कोळी नारळी पौर्णिमेला नारळ सोडतो, आणि आश्विन-कार्तिकात कोकणचा समुद्र निवळला की त्याचा धंदा भरात येतो. त्याच पंधरवड्यात तमिळ पंचांगातला ऐप्पसी महिना लागतो आणि पूर्व किनाऱ्यावरचे लोक आपल्या होड्या वाळूवरून वर, अगदी ताडांच्या रांगेपर्यंत ओढू लागतात. देश एकच, पंधरवडाही एकच. तरी एका किनाऱ्यावर समुद्र उघडतो आणि दुसऱ्यावर मिटतो. हे नीट ध्यानात धरलंत तर पुढचा प्रवास सोपा जाईल.

पहिला मुक्काम छोटा आहे. कानावर एकदा मराठी पडावी म्हणून तो मुद्दाम ठेवला आहे.

साल १६९०, सप्टेंबर. तुम्ही कडलूरजवळ देवनामपट्टणमला, गडिलम नदीच्या मुखाशी उभे आहात. समोर एक जुना, बुटका किल्ला. दोन-तीन मजलांवर जिंजीत छत्रपती राजाराम महाराज आहेत, झुल्फिकारखान फौज घेऊन त्यांच्यावर चालून आला आहे आणि मराठ्यांना पैसा हवा आहे. मद्रासचा इंग्रज गव्हर्नर एलिहू येल याला जागा हवी आहे. किल्ल्याचा सौदा ठरला. त्यासोबत आसपासची जमीन किती द्यायची, याचं मोजमाप असं ठरलं आहे की तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथवरचं सगळं इंग्रजांचं. अर्थातच इंग्रजांनी आपली चांगल्यातली चांगली तोफ आणून ठेवली आहे.

उकाडा असह्य आहे. दुपारचा खारा वारा सुटला आहे, पण त्यात जोर नाही. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत. संध्याकाळी पश्चिमेला, जिंजीच्या डोंगरांच्या बाजूला ढग चढतात, विजा चमकतात, घटकाभर सरी कोसळतात आणि आकाश मोकळं होतं. सप्टेंबर इथे असाच असतो. पाऊस जमिनीकडून येतो आणि समुद्र गप्प असतो. तुमच्या पायातल्या चपला पाहून एक स्वार विचारतो, "पाहुणे, कोणत्या गावचे?" उत्तर द्यायला तोंड उघडता तोवर तोफ कडाडते.

त्या गोळ्यांच्या टप्प्यात आलेल्या गावांना तिथले लोक आजही तोफगोळ्यांची गावं म्हणून ओळखतात. किल्ल्याचं नाव इंग्रजांनी सेंट डेव्हिड ठेवलं. तुम्ही मात्र महिना लक्षात ठेवा. सौदा सप्टेंबरात उरकला. आणखी महिन्याभराने कोणताही शहाणा खलाशी आपलं गलबत इथे नांगरायला सहजासहजी तयार झाला नसता.

आता छप्पन्न वर्षं पुढे आणि साधारण दीडशे किलोमीटर उत्तरेला चला. इथे मात्र रात्रभर थांबायचं आहे.

मद्रासच्या वाळूत तुम्ही उतरता तेव्हा दुपार कलते आहे. तारीख कोणाला विचारता यावर उत्तर ठरेल. इंग्रज कारकून २ ऑक्टोबर १७४६ सांगेल. फ्रेंच सैनिक त्याच दुपारला १३ ऑक्टोबर म्हणेल. इंग्रजांनी अजून नवं कॅलेंडर घेतलेलं नाही, ते घ्यायला त्यांना १७५२ उजाडेल. तीन आठवड्यांपूर्वी फ्रेंचांनी सेंट जॉर्ज किल्ला घेतला, तेव्हा किल्ल्यातली तारीख एका दिवसात अकरा दिवस पुढे सरकली. आपल्या पंचांगाने आश्विनातला कृष्णपक्ष संपत आला आहे, अमावास्या एक-दोन दिवसांवर आहे. साताऱ्यात शाहू महाराज आहेत, पुण्यात नानासाहेब पेशवे, आणि दोन्हीकडे दिवाळीची तयारी चालू असेल. इथे आज रात्री चंद्र नसणार, हे तेवढं ध्यानात असू द्या.

किल्ल्यावर पांढरा झेंडा फडकतो आहे. शरणागतीचा वाटेल, पण तो फ्रान्सच्या राजाचा आहे. आणखी एक सूचना. कोणी कुठले म्हणून विचारलं तर इथे मराठा असल्याचं मोठ्याने सांगू नका. सहाच वर्षांपूर्वी रघुजी भोसल्यांच्या फौजांनी कर्नाटकात उतरून नवाब दोस्तअलीला लढाईत मारलं, पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेतली आणि चंदासाहेबाला कैद करून नेलं. तो अजून मराठ्यांच्याच कैदेत आहे. या शहरात आपलं नाव घेतलं की लोक दागिने पुरायला धावतात. दक्षिणेला तंजावरात भोसल्यांचंच प्रतापसिंह महाराजांचं राज्य आहे, पण तंजावरचे मराठे या लोकांना शेजारी वाटतात आणि नागपूरचे मराठे संकट.

समुद्राकडे वळा. मुंबईकर असाल तर पहिली गोष्ट खटकेल ती ही, की इथे ओहोटीचा समुद्र लांब जातच नाही. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, इथे जेमतेम एक मीटर. त्यामुळे खाडी नाही, चिखल नाही, गलबत आत घ्यायला आडोसा नाही. सरळ आखलेली वाळूची रेघ आणि तिच्यासमोर उघडा समुद्र. इंग्रजांनी आपलं सगळ्यात श्रीमंत ठाणं बंदर नसलेल्या जागी वसवलं, याचं नवल त्यांना स्वतःलाही वाटत आलं आहे. मोठी जहाजं मैल-दोन मैल दूर नांगरतात. तिथून माणूस, कापडाचे गठ्ठे, दारूची पिंपं, पत्रं, सगळं किनाऱ्याला आणायचं ते फुटणाऱ्या लाटांच्या तीन रांगा ओलांडून.

ते काम मसुला नावाच्या होड्या करतात. जवळ जाऊन हात लावून पाहा. एकही खिळा नाही. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, फटींत गवत दाबलेलं. युरोपियांची खिळे मारलेली होडी या लाटांत एकदा आपटली की फुटते. ही वाकते, दबते, पुन्हा उठते. वल्ही मारणारे एका सुरात ओरडत लाटेचा अंदाज घेतात आणि नेमक्या लाटेच्या पाठीवर बसून वाळूत येऊन धडकतात. शेजारी दोन-चार ओंडके बांधून केलेले तराफे आहेत. त्यांवरचे लोक पाण्यात पडलेला साहेब बाहेर काढतात, आणि टोकदार टोपीत पत्रं कोरडी ठेवून जहाजापर्यंत पोहोचवतात. हा किनारा कोणाच्याही राज्यात असला तरी शेवटच्या मैलभराची सत्ता या लोकांकडेच असते.

आणि आज दुपारी ते होड्या वर ओढत आहेत.

का, ते पाहायचं तर लाटा मोजा. हवा स्वच्छ आहे, वारा मंद, ऊन चांगलं. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मनेही हा दिवस शांत असल्याचं नमूद केलं आहे. पण लाट उशिराने येते आहे. एरवी एक फुटते न फुटते तोच मागची येते. आज दोघींमध्ये लांब श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि आली की ती खोलवरून उचललेली, जड असते. किनाऱ्यावर वारा नसताना अशी लाट येते, याचा अर्थ दूर कुठेतरी भरपूर वारा आहे. वादळ स्वतः ज्या वेगाने सरकतं त्यापेक्षा त्याने उठवलेल्या लांब लाटा जोरात धावतात. निरोप त्या घेऊन येतात. तो वाचता येणारे लोक तुमच्याभोवती आहेत, आणि त्यांची भाषा न येणारे किल्ल्यात आहेत.

ते वादळ कुठून आलं, हे मात्र आज इथे कोणालाच सांगता येणार नाही. तुम्हाला सांगता येईल. सप्टेंबरअखेर उत्तर भारतावरचा कमी दाबाचा पट्टा दक्षिणेला सरकत बंगालच्या उपसागरावर येतो. पावसाळ्यात या समुद्रावर खालचे वारे एका दिशेने आणि उंचावरचे दुसऱ्या दिशेने इतक्या जोरात वाहतात, की वादळाची उभी उतरंड मध्येच कापली जाते. म्हणून जुलै-ऑगस्टात ढग खूप असूनही मोठी चक्रीवादळं क्वचित होतात. ऑक्टोबरात ही ओढाताण सैल पडते. पाणी मात्र अजून तापलेलं असतं, २८-२९ अंशांच्या आसपास. शिवाय गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांनी पावसाळाभर ओतलेलं गोडं पाणी समुद्रावर पातळ थरासारखं पसरलेलं असतं. हलकं असल्याने ते खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही. वाऱ्याने कितीही घुसळलं तरी खालचं गार पाणी वर यायला अडचण होते, उष्णता वरच राहते आणि वादळाला पुरते. याच दिवसांत किनाऱ्यालगतचा प्रवाहही उलटतो. वसंतात उत्तरेकडे वाहणारं पाणी आता दक्षिणेकडे, मद्रासवरून पाँडिचेरी आणि नागपट्टणमकडे वाहू लागतं.

हे सांगायला किल्ल्यात जाऊ नका. तिथे वेगळाच वाद पेटलेला आहे.

माहे द ला बूर्दोने हा फ्रेंच आरमाराचा प्रमुख. सेंट मालोचा जातिवंत दर्यावर्दी, मॉरिशस आणि बूर्बों बेटांचा गव्हर्नर, हिंदी महासागरात अर्धं आयुष्य घालवलेला. त्याने इंग्रजांशी करार केला आहे की ११ लाख पगोडे खंडणी घेऊन मद्रास परत द्यायचं. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याला हे मान्य नाही. शहर आपल्या अखत्यारीत आहे, ते परत द्यायचंच नाही, असं त्याचं म्हणणं. दोघांची पत्रं किनाऱ्याकिनाऱ्याने जात-येत आहेत. इकडे वखारीतला माल जहाजांवर चढतो आहे.

ला बूर्दोनेला ऋतू माहीत नव्हता, असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मद्रास रिकामं करून निघायचं, हे त्याच्या हिशेबात होतं. ते पावसाळ्याकडे बघूनच ठरलेलं होतं. डुप्लेच्या माणसांनाही ते ठाऊक होतं. वेळ काढत राहिलं की समुद्रच ला बूर्दोनेला पळवून लावेल, असा त्यांचा डाव असावा, असं मला वाटतं. पुरावा म्हणून नाही, माणसांचा स्वभाव पाहून. वादळ आपल्या ठरल्या हंगामात येत होतं. उशीर किल्ल्यातल्या माणसांना झाला होता.

अंधार पडतो. जहाजांवरचे कंदील वर-खाली हलताना दिसतात, पण अजून वाऱ्याने नव्हे, लाटेने. ताडाच्या शेंड्यांतला आवाज बदलतो. मध्यरात्रीच्या सुमाराला उत्तरेकडून पहिला झोत येतो आणि तुमच्या पायाखालची वाळू उडून तोंडावर बसते.

इथून पुढे तुम्ही एखाद्या कप्तानाच्या जागी उभे राहा. नांगराचा जाड दोर ताणला आहे. वारा उत्तरेकडून, म्हणजे किनाऱ्याला समांतर. आत्ता या क्षणी दोर कुऱ्हाडीने तोडून, एखादं शीड चढवून जहाज आग्नेयेकडे मोकळ्या समुद्रात पळवता येईल. पण नांगर गमवायचा, अर्धा माल किनाऱ्यावर सोडायचा, प्रमुख स्वतः किल्ल्यात झोपलेला आणि त्याचा हुकूम नाही. थांबलात तर वारा कुठे फिरेल यावर सगळं अवलंबून आहे. उत्तरेवरून वायव्येला फिरला तर जमिनीकडून वाहील, जहाज बाहेर लोटलं जाईल, वाचण्याची आशा राहील. ईशान्येला फिरला तर जहाज सरळ वाळूवर.

शंभरेक वर्षांनी, १८५७ मध्ये, बाइज बॅलट नावाचा डच शास्त्रज्ञ साधा नियम मांडेल. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला. आज रात्री तुम्ही तसे उभे राहिलात तर तोंड दक्षिणेला होईल आणि डावा हात पूर्वेला. म्हणजे केंद्र समोर समुद्रात आहे आणि पश्चिमेला सरकत आलं तर इकडेच येणार. ते तुमच्या दक्षिणेने गेलं तर वारा ईशान्य, पूर्व, आग्नेय असा फिरेल. उत्तरेने गेलं तर वायव्य, पश्चिम, नैर्ऋत्य. एवढं एक वाक्य त्या रात्री डेकवर कोणाकडे असतं, तर कुऱ्हाड केव्हा चालवायची हे तरी ठरवता आलं असतं. पण १७४६ मध्ये वादळ म्हणजे गोल फिरणारी वस्तू आहे, ही कल्पनाच खलाशांच्या व्यवहारात आलेली नाही. वारा फिरतो तेव्हा त्यांना वाटतं, एक वादळ संपून दुसरं लागलं.

रात्रीचं वर्णन करण्यात अर्थ नाही, कारण दिसत काहीच नाही. पाऊस आडवा आहे. किल्ल्याच्या भिंतीला पाठ लावून बसा. कधीतरी वाऱ्यात तोफेसारखा आवाज येईल. तो तोफेचाच असेल, एखादं जहाज मदतीला हाक मारतं आहे. मसुला होडी या लाटांत घालायला कोणी तयार होणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

उजाडतं तेव्हा समुद्रात एकही फ्रेंच जहाज नाही.

वारा दुपारपर्यंत थांबत नाही. थांबल्यावर बातम्या तुकड्यातुकड्यांनी येतात. ऑर्मने लिहिलं आहे की सहा फ्रेंच जहाजांपैकी एक वाऱ्यासोबत इतकं दक्षिणेला गेलं की त्याला हा किनारा पुन्हा गाठता आला नाही. सत्तर तोफांच्या जहाजाच्या सगळ्या डोलकाठ्या गेल्या. आणखी तिघांच्याही गेल्या, आत एवढं पाणी भरलं की खालच्या मजल्यावरच्या तोफा समुद्रात ढकलून जीव वाचवावा लागला. आणि एक, वादळ ऐन भरात असताना, क्षणात लाटांखाली गेलं. त्यावरचे सहाच जण जगले. याशिवाय वेगवेगळ्या देशांची वीसेक गलबतं किनाऱ्यावर आपटली किंवा बुडाली. एकंदर मेलेल्यांचा आकडा हजाराच्या वर जातो. त्यात फ्रेंच किती, बंगाली खलाशी किती, मलबारी खलाशी किती, हा हिशेब कोणी ठेवल्याचं दिसत नाही. इतिहासात जहाजांची नावं उरली, बुडालेल्या बहुतेक माणसांची उरली नाहीत.

किनाऱ्यावर कापडाचे गठ्ठे लागले आहेत. चिंब झालेलं सुती कापड उलगडून वाळूवर सुकायला घातलं जातं आहे. पाऊस आता नीट, उभा पडतो आहे. ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला. शेतकऱ्याने याच दिवसाची वाट पाहिली होती. तळी भरतील, भाताला पाणी मिळेल. कावेरीच्या मुखाकडच्या खेड्यांत कदाचित याच पावसाने कोणी हसत असेल.

पुढचं भराभर. ला बूर्दोने उरलीसुरली जहाजं घेऊन ऑक्टोबर संपायच्या आत निघून गेला. डुप्लेने करार रद्द केला. क्लाइव्ह नावाचा एक तरुण कारकून वेष बदलून पळाला तो त्याच सेंट डेव्हिड किल्ल्यात, जो मराठ्यांनी तोफेच्या टप्प्यासह विकला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अड्यार नदीच्या काठी मूठभर फ्रेंच शिस्तीच्या शिपायांनी कर्नाटकाच्या नवाबाच्या कितीतरी मोठ्या फौजेला पळवून लावलं. ला बूर्दोने फ्रान्सला पोहोचल्यावर बास्तिलच्या तुरुंगात गेला, १७५१ मध्ये निर्दोष सुटला आणि दोन वर्षांनी मेला. त्या रात्री आरमार वाचलं असतं तर हिंदुस्थान फ्रेंचांचा झाला असता, असं लिहिणारे इतिहासकार आहेत. मला ते जरा जास्त वाटतं. पण पुढची काही वर्षं या किनाऱ्यावर फ्रेंचांकडे जहाजं कमी पडली, हे खरं.

इंग्रजांनी मात्र यातून एक कारकुनी धडा घेतला, आणि मला तो तोफा-तहांपेक्षा मोलाचा वाटतो. काही दशकं पुढे जाऊन १५ ऑक्टोबरच्या सकाळी सेंट जॉर्जच्या बुरुजाकडे बघा. झेंड्याची काठी उतरवतात. १५ डिसेंबरला ती पुन्हा उभी राहील. या दोन महिन्यांत मद्राससमोर नांगर टाकणाऱ्या जहाजाने ते आपल्या जबाबदारीवर टाकायचं, आणि बुडालं तर विम्याचे पैसेही अडकतात. मच्छीमाराने लाटा मोजून जे ओळखलं होतं, ते आता लंडनच्या विमा कागदांत आलं. कागदावर आलं म्हणूनच कप्तानाने ते ऐकलं, असं दिसतं.

वाटेत मनोऱ्यापाशी क्षणभर थांबा. साल १८१५च्या आसपासचं. तंजावरच्या दक्षिणेला, मल्लिपट्टणमजवळ, सरफोजी राजे दुसरे यांनी समुद्रकाठी आठ मजली षट्कोनी मनोरा बांधला आहे, इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं म्हणून. भोसल्यांच्या वंशजाने वॉटर्लूच्या काळात पाल्कच्या सामुद्रधुनीवर बांधलेली ही वास्तू थोडी विचित्रच आहे. पण वर चढून समुद्र पाहा. उथळ, हिरवट, मद्रासपेक्षा पुष्कळ सौम्य. ऐप्पसी लागली की हाही खवळतो, आणि रामेश्वरचे मच्छीमार आपल्या होड्या बेटाच्या दुसऱ्या बाजूला, मन्नारच्या आखाताकडे नेतात. नैर्ऋत्य वारा सुरू झाला की पुन्हा इकडे. एकाच बेटाला दोन समुद्र असणं ही त्यांची चैन. मद्रासला ती नाही.

म्हणून मद्रासने समुद्राला भिंती घालायचं ठरवलं. शेवटचा मुक्काम तिथेच आहे. १२ नोव्हेंबर १८८१.

१८७५ पासून दोन लांब धक्के समुद्रात ढकलत नेले जात आहेत. त्यांच्या कवेत, बरोबर पूर्वेला तोंड ठेवून, बंदर तयार होणार. काँक्रीटचे अवजड ठोकळे यारीने एकावर एक बसवलेले. काम संपत आलेलं. आणि या दिवशी चक्रीवादळ येतं. तुम्ही किनाऱ्यावरून पाहता तेव्हा ठोकळे सरकत नाहीत, नुसते दिसेनासे होतात. वर पांढरं पाणी, आणि पाणी खाली गेल्यावर भिंतीच्या माथ्याची रेघ खचलेली. अर्ध्या मैलाहून अधिक लांबीची भिंत मोडली. दुरुस्तीला पुढची कितीतरी वर्षं गेली.

या दिवशी मद्रासचा गव्हर्नर कोण, ते विचारा. काही दिवसांपूर्वीच त्याने सूत्रं हाती घेतली आहेत. नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. साताऱ्यात राहून मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या कॅप्टन जेम्स ग्रँट डफचा हा मुलगा. बापाने आपल्या मुंबईच्या गव्हर्नराचं नाव मुलाला दिलं. बापाने मराठ्यांच्या घोडदौडी कागदावर आणल्या, मुलाच्या नशिबी हा मोडका धक्का आला.

त्याला आणखी एक गोष्ट वारशाने मिळाली, ती म्हणजे वाळू. वर्षातले बरेच महिने इथे लाटा आग्नेयेकडून तिरक्या येतात आणि वाळू उत्तरेकडे ढकलत नेतात. ऐप्पसी-कार्तिकात ईशान्येच्या लाटा थोडी वाळू दक्षिणेला परत आणतात, पण वर्षअखेर हिशेब उत्तरेच्या बाजूनेच सुटतो. आता मध्ये भिंत आडवी आली. दक्षिणेला वाळू अडून साचू लागली आणि जिथे पूर्वी लाटा किल्ल्याजवळ येत, तिथे रुंद किनारा तयार होऊ लागला. ग्रँट डफने त्या नव्या वाळूच्या कडेने फिरायचा रस्ता करवला आणि सिसिलीच्या आठवणींवरून त्याला मरीना नाव दिलं. आज चेन्नईत ज्या मरीनावर लोक संध्याकाळी सुंडल खात बसतात, ती निसर्गाची देणगी म्हणावी तर अर्धीच. तिला बंदराच्या भिंतीने अडवलेली वाळू पुरली आहे. भिंतीच्या उत्तरेला रोयापुरमला मात्र वाळू पोहोचेना. तिथला किनारा समुद्र खात गेला आणि शेवटी दगड टाकून अडवावा लागला. ती उधारी तिथल्या मच्छीमारांनी भरली.

बंदराचं पूर्वेकडचं तोंड पुढेही त्रास देत राहिलं. उघड्या समुद्राची लाट सरळ आत शिरे, आणि दक्षिणेकडून येणारी वाळू दारातच बसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस स्प्रिंग नावाचा इंजिनियर आला. त्याच्यापुढे दोन शत्रू होते. एक वर्षभर सावकाश येणारी वाळू, आणि दुसरं ऑक्टोबर ते डिसेंबरात येणारं वादळ. दोघांनाही एकाच दाराने अडवणं शक्य नव्हतं. त्याने पूर्वेचं दार बुजवलं आणि नवं उघडलं ते ईशान्येला, म्हणजे ऐप्पसीच्या वाऱ्याच्या दिशेलाच, पुढे एक लांब भिंत आडोशाला घालून. वादळाचे दिवस मोजके आणि अंदाजाने ओळखता येणारे. तेवढे दिवस जहाजं बाहेर, खोल पाण्यात पाठवता येतात. वाळूला मात्र सुट्टी नसते.

आजही उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की या बंदरावर धोक्याचा इशारा चढतो. एक नंबर म्हणजे वादळ अजून दूर आहे, दहा म्हणजे मोठा धोका, आणि अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला, आता तुमचं तुम्ही पाहा. नंबर वाढू लागला की धक्क्याला लागलेल्या मोठ्या जहाजांना दोर सोडून बाहेर जायचा हुकूम निघतो, आणि कासिमेडूला मच्छीमार बोटी एकमेकींना बांधून ठेवतात.

परतीचं तिकीट काढायचं असेल तर ते १५ ऑक्टोबरच्या आधीचं काढा.